उन्हाळी शिबिरात कोणी काय सांभाळायचं? नागपुरातल्या आयोजकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

परीक्षा संपल्या की धरमपेठ, लक्ष्मीनगर, त्रिमूर्तीनगर, मनीषनगर, महाल, सगळीकडे समर कॅम्पचे फ्लेक्स लागतात. चित्रकला, नृत्य, स्केटिंग, बुद्धिबळ, मातीकाम, विना-गॅस स्वयंपाक. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. सुट्टी लांब, ऊन कडक आणि घरात आईवडील दोघंही नोकरीवर. त्यामुळे सकाळी मूल सोडायचं आणि जेवणाच्या आत घरी न्यायचं, अशा शिबिरांची गरज खरीच आहे.

फ्लेक्सवर जे लिहिलेलं असतं त्याची तयारी बहुतेक आयोजक मनापासून करतात. चांगले शिक्षक शोधतात, साहित्य आणतात, शेवटच्या दिवसाचा कार्यक्रम बसवतात. फ्लेक्सवर जे नसतं ते मात्र राहून जातं. चित्रकलेचा तास संपला, नृत्याच्या ताई अजून यायच्या आहेत, मधल्या दहा मिनिटांत ही सगळी पोरं कोणाच्या नजरेखाली आहेत? बाथरूमला गेलेली सहा वर्षांची मुलगी परत आली का, हे कोण पाहतंय? शिबिरात गडबड होते ती तासांच्या मध्ये, फाटकापाशी, पाण्याच्या माठापाशी.

म्हणून कामवाटपाचा सगळा विचार मी एकाच कसोटीवर करते. शिबिर सुरू असताना कुठल्याही क्षणी, कुठल्याही मुलाकडे बोट दाखवून ‘हे आत्ता कोणाकडे आहे?’ असं विचारलं, तर एकाच मोठ्या माणसाचं नाव यायला हवं. ‘आम्ही सगळेच बघतोय ना’ असं उत्तर आलं, तर कोणीच बघत नाहीये असं समजा. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे एक नाव ठरवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: आधी मुलं मोजा, मग माणसं

आपल्याकडे उलटं होतं. ओळखीतले चार शिक्षक ठरतात आणि मग जितके प्रवेश येतील तितके घेतले जातात. त्याऐवजी जागा किती मुलांना पुरते ते पाहा, त्यानुसार प्रवेशाचा आकडा बांधा आणि त्या आकड्यावरून माणसं ठरवा.

प्रमाणासाठी अमेरिकन कॅम्प असोसिएशनचे निकष हाताशी ठेवण्यासारखे आहेत. दिवसाच्या शिबिरासाठी ५ वर्षांपर्यंतच्या ६ मुलांमागे एक मोठं माणूस, ६ ते ८ वर्षांच्या ८ मुलांमागे एक आणि ९ ते १४ वर्षांच्या १० मुलांमागे एक. आपल्याकडे हे बंधनकारक नाही. पण ४५ अंशांच्या गावात याहून सैल प्रमाण ठेवायला मला तरी कुठलंच कारण दिसत नाही.

समजा ६० मुलं आहेत: पाच वर्षांची १२, सहा ते आठची २४, नऊ ते बाराची २४. पहिल्या गटाला २, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला ३, म्हणजे ८ गटताई किंवा गटदादा झाले. त्याशिवाय शिबिरप्रमुख, उपप्रमुख, प्रथमोपचार सांभाळणारी व्यक्ती, फाटकावरचं माणूस, पाणी आणि खाऊ बघणारी व्यक्ती आणि दोन मावशी. एकूण १५. चित्रकलेचे सर किंवा झुंबाच्या मॅडम यांना या हिशेबात धरायचं नाही. ते शिकवायला येतात, तास झाला की जातात. त्यांचं लक्ष कागदावर आणि पावलांवर असतं, आणि ते तिथेच असावं.

पंधरा ऐकून छोटे आयोजक दचकतात. २० मुलांच्या शिबिरात कामं एकत्र करता येतात: उपप्रमुखानेच खाऊ-पाणी बघावं, एका मावशीवर भागवावं. पण तीन जोड्या कधीच करू नका. फाटकावरच्या माणसाकडे गट देऊ नका, प्रथमोपचारवाल्या व्यक्तीकडे गट देऊ नका आणि प्रमुखाने स्वतः गट घेऊ नये. या तिघांना कुठल्याही क्षणी हातातलं काम सोडून धावावं लागतं आणि मागे दहा मुलं असतील तर धावता येत नाही.

दुसरी पायरी: माणसं निवडताना

जाहिरात मेमध्ये नव्हे, फेब्रुवारी-मार्चमध्ये द्या. डी.एड., बी.एड. करणारे, समाजकार्याचे आणि शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी, सुट्टीवर असलेल्या बालवाडीच्या शिक्षिका, अशी चांगली माणसं नागपुरात आहेत, पण परीक्षांचं वेळापत्रक पाहूनच ती हो म्हणतात. लवकर सुरुवात करण्याचं दुसरं कारण पोलीस पडताळणी. चारित्र्य प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, पण कागद हातात यायला वेळ लागतो. शिबिर उद्यावर आलं असताना ‘अर्ज केलाय, येईलच’ यावर कोणाला आत घेऊ नका. हा नियम शिक्षक, मावशी, व्हॅनचालक आणि शनिवारी फोटो काढायला येणारा पुतण्या, सगळ्यांना सारखा.

प्रमाणपत्रावर मात्र थांबू नका. आधी जिथे काम केलं त्या दोन ठिकाणी स्वतः फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: ‘तुमच्या मुलांसाठी यांना पुन्हा बोलवाल का?’ उत्तराआधी रेंगाळणारी शांतता खूप काही सांगते.

१८ वर्षांखालचे हौशी मदतनीस, म्हणजे दहावी-अकरावीची पोरं, शिबिराला उत्साह आणतात. त्यांना जरूर घ्या, पण वरच्या प्रमाणात मोजू नका, मुलांबरोबर एकटं ठेवू नका आणि त्यांच्यावरही एक मोठं माणूस नेमा. कायद्याने तीही मुलंच आहेत.

निवड झाली की प्रत्येकाला एका पानाचं कामपत्र द्या. त्यात चारच गोष्टी लिहा: मी काय करायचं, कोणाला विचारायचं, काय माझ्या अधिकारात नाही आणि मी नसेन तर माझ्या जागी कोण. तिसरा मुद्दा बहुतेक जण वगळतात. गटताईने स्वतःच्या मनाने मुलाला औषध देऊ नये, फाटकावरच्या दादाने कोणाच्या विनंतीवरून यादीबाहेरच्या माणसाला मूल देऊ नये, हे कागदावर असलं की त्या माणसालाही ‘मला परवानगी नाही’ म्हणून ठाम उभं राहता येतं. मानधन किती आणि कधी, हेही त्याच पानावर लिहा.

तिसरी पायरी: कोणाकडे काय

*शिबिरप्रमुख.* प्रमुखाचं काम दिवस सांभाळणं. तिन्ही गट कुठे आहेत, आज कोण रजेवर आहे, पुढच्या तासाला कुठली खोली, हे सगळं प्रमुखाच्या डोक्यात आणि हातातल्या वहीत असतं. पालकांशी अधिकृत बोलणं प्रमुखच करतो. शिबिराचा एकच फोन नंबर द्या आणि तो फोन उचलणारा एकच माणूस ठेवा. गटताईंचे खासगी नंबर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले की तास सुरू असतानाच ‘आमच्या आर्यनने डबा खाल्ला का’ सुरू होतं आणि ताईची नजर मुलांवरून फोनवर जाते.

नागपुरात प्रमुखाचं सर्वांत मोठं काम म्हणजे उन्हाचा निर्णय. मैदानी भागात पारा ४५ अंशांवर गेला की भारतीय हवामान खातं उष्णतेची लाट मानतं आणि ४७ वर गेला की तीव्र लाट. मे महिन्यात हे आकडे आपल्याकडे नवलाचे नाहीत. २०१३ च्या मेमध्ये नागपूरने ४७.९ पाहिलं आहे. रोज संध्याकाळी हवामान खात्याच्या नागपूर प्रादेशिक केंद्राचा अंदाज पाहा आणि पिवळा, नारिंगी, लाल इशारा असेल तर काय करायचं ते शिबिराआधीच लिहून ठेवा. माझ्या मते पिवळ्याला मैदानावरचे खेळ सकाळी ८ च्या आत संपवायचे, नारिंगीला मैदान पूर्ण बंद, लालला शिबिरालाच सुट्टी. आधी लिहिलेलं असलं की सकाळी सहाला पालकांच्या दबावाखाली वाद होत नाही. फॉरवर्ड होऊन आलेल्या आकड्यांवर जाऊ नका. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि ती बातमी देशभर फिरली. तो यंत्रातला बिघाड असल्याचं हवामान खात्याने नंतर सांगितलं.

प्रमुख जागेवर नसेल तेव्हा उपप्रमुख, हे रोज सकाळी सगळ्यांसमोर नाव घेऊन सांगा. बाकी वेळी उपप्रमुख मोकळा राहतो आणि जिथे माणूस कमी पडेल तिथे जातो. गटताईला बाथरूमला जायचं असेल तर तिच्या जागी उभं राहायला कोणीतरी लागतंच.

*गटताई आणि गटदादा.* शिबिर यांच्यावर उभं असतं, आणि दुर्दैवाने सर्वांत कमी सूचना यांनाच मिळतात. ‘मुलांवर लक्ष ठेवा’ ही सूचना पुरेशी नाही. लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय, ते सांगावं लागतं.

पहिलं, मोजणी. जागा बदलली की मोजायचं: खोलीतून निघताना, मैदानावर पोचल्यावर, खाऊला बसल्यावर, पुन्हा खोलीत आल्यावर. डोकी मोजून भागत नाही, नावं घेऊन मोजा. शेजारच्या गटातलं एक मूल चुकून आलं आणि आपलं एक बाहेर राहिलं, तर आकडा बरोबरच येतो.

दुसरं, हातबदल. मूल एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं तेव्हा दोघांनी मोठ्याने बोलायचं. ‘रेवाताई, आठही मुलं तुझ्याकडे.’ ‘आठही माझ्याकडे.’ दुसरं वाक्य आल्याशिवाय पहिल्या माणसाने पाऊल उचलायचं नाही. सुरुवातीला सगळ्यांना हे नाटकी वाटतं. तीन-चार दिवसांत सवय होते आणि मग मुलंच आठवण करून देतात. एकच मूल प्रथमोपचाराच्या खोलीत जात असेल तरी हेच: ‘ओजस तुमच्याकडे.’ ‘ओजस माझ्याकडे.’ या एका सवयीने वर सांगितलेल्या कसोटीचं अर्धं काम होतं.

तिसरं, पाणी. ‘तहान लागली की प्या’ हे मोठ्यांना ठीक आहे, खेळात रंगलेल्या मुलाला तहान कळत नाही. दर २० ते ३० मिनिटांनी गटाला थांबवून सगळ्यांना बाटली तोंडाला लावायला सांगा आणि लावताना पाहा. बाटली घरी जाताना भरलेलीच असेल तर ते पालकांना कळवा. खिशात कांदा ठेवायला हरकत नाही, डोक्याला दुपट्टा किंवा टोपी हवीच, पण यांपैकी काहीही पाण्याची जागा घेत नाही.

चौथं, गप्प झालेलं मूल. दंगा करणाऱ्याकडे लक्ष आपोआप जातं. कालपर्यंत बोलणारं मूल आज भिंतीला टेकून बसलंय, हे फक्त गटताईच ओळखू शकते. ऊन लागलं असेल, पोट दुखत असेल, कोणी चिडवत असेल, किंवा याहून गंभीर काही असेल. कारण काहीही असो, प्रमुखाला त्याच दिवशी सांगायचं.

शिस्तीबद्दल नियम थोडे आणि पक्के असावेत. हात उगारायचा नाही, उन्हात उभं करायचं नाही, खाऊ किंवा पाणी बंद करायचं नाही, सगळ्यांसमोर हिणवायचं नाही. मूल ऐकतच नसेल तर त्याला बाजूला बसवून शांतपणे बोला, जमत नसेल तर उपप्रमुखाला बोलवा. आणि कोणत्याही मुलाबरोबर दार बंद असलेल्या खोलीत एकटं राहायचं नाही. बोलायचं असेल तर दार उघडं, इतरांना दिसेल अशा जागी. यात मुलाचं रक्षण आहे आणि ताई-दादांचंही. गट हातात असताना मोबाइल पिशवीत. फोटो शिबिराने नेमलेली एकच व्यक्ती शिबिराच्या फोनवर काढेल, तेही ज्यांच्या पालकांनी लेखी संमती दिली आहे त्यांचेच.

*कला-खेळांचे शिक्षक.* त्यांनी वेळेवर यावं, साहित्य आधी मांडावं, कात्री, सुई, कटर मोजून द्यावं आणि मोजून परत घ्यावं. गटताई तासभर खोलीतच थांबते, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. पोहण्याचा तास ठेवणार असाल तर प्रशिक्षित जीवरक्षक वेगळा हवा. शिकवणारे सर जीवरक्षक होऊ शकत नाहीत.

*प्रथमोपचार.* इथे शक्य असेल तर परिचारिका किंवा निदान प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती हवी. तिचं काम मूल पडल्यावर सुरू होत नाही, प्रवेशअर्जापासून सुरू होतं. अर्जात दमा, फिट्स, शेंगदाण्यासारख्या अन्नाची ॲलर्जी, सुरू असलेली औषधं हे विचाराच, आणि विदर्भात आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: सिकलसेल. हा आजार आपल्या भागात बराच आढळतो. असा आजार असलेल्या मुलाच्या अंगातलं पाणी कमी झालं, अति दमणूक झाली किंवा त्याने एकदम गार पाण्यात उडी घेतली तर असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा मुलाला शिबिरातून वगळू नका. त्याच्या गटताईला गुपचूप सांगा, पाण्याच्या फेऱ्या वाढवा, ‘बसू का?’ म्हणालं तर लगेच बसू द्या. त्याला ताप आला तर ‘संध्याकाळपर्यंत बघू’ नाही, पालकांना फोन आणि लगेच रुग्णालय.

ऊन लागण्याच्या दोन पायऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला पाठ हव्यात. मूल थकलंय, घामाघूम आहे, डोकं दुखतंय, मळमळतंय, पायात गोळे येताहेत, पण नीट बोलतंय: त्याला सावलीत घ्या, कूलरसमोर आडवं करा, कपडे सैल करा, घोट घोट ओआरएस द्या. अर्ध्या तासात तरतरी आली नाही किंवा उलट्या सुरू झाल्या तर डॉक्टर. दुसरी पायरी म्हणजे मूल असंबद्ध बोलतंय, तोल जातोय, झटके येताहेत, शुद्ध हरपतेय आणि अंग भाजतंय. हा उष्माघात. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो, म्हणून बोलण्या-वागण्यातला बदल पाहा. १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट पाहत बसू नका. लगेच अंगावर गार पाणी ओतत राहा, जोराचा पंखा लावा, मानेला, काखेत, जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवा. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलने उष्माघाताचा ताप उतरत नाही, ते देऊ नका.

ओआरएसचं मापही ठरलेलं असतं. मोठं पाकीट १ लिटर पाण्यात, छोटं २०० मिलीमध्ये, पाकिटावर लिहिलं असेल तसंच. अर्धं पाकीट ग्लासात टाकायची सवय मोडा. औषध फक्त पालकांनी नाव-माप लिहून दिलेलं आणि फक्त याच व्यक्तीने द्यायचं, वहीत वेळ लिहून. जवळचं रुग्णालय कुठलं, तुमच्या भागातून मेडिकल जवळ की मेयो की मिहानचं एम्स, सकाळच्या गर्दीत कुठल्या रस्त्याने जायचं, हे आधी ठरवा. शिबिर सुरू असेपर्यंत एक गाडी आणि चालवणारा माणूस आवारातच राहील असं बघा.

*फाटकावरचं माणूस.* हे काम वॉचमनवर सोडण्याची पद्धत आहे, आणि मला ती मुळीच मान्य नाही. इथे शांत, ठाम आणि चेहरे लक्षात ठेवणारं माणूस लागतं. सकाळी मूल आलं की नाव, वेळ आणि सोडणाऱ्याची सही. प्रवेशाच्या वेळी पालकांकडून मूल न्यायला येऊ शकणाऱ्यांची नावं, फोटो आणि फोन घ्या, तीन-चारच. त्यांना एक कार्ड द्या. जाताना कार्ड पाहा, चेहरा पाहा, मग मूल हातात द्या.

प्रश्न येतो तो ‘आज मामा आलेत’ म्हटल्यावर. मूल आनंदाने मामाकडे धावलं, तरी तो पुरावा नाही. यादीत नाव नसेल तर प्रमुख पालकांच्या नोंदवलेल्या नंबरवर स्वतः फोन करेल. समोरच्या माणसाने लावून दिलेल्या फोनवर बोलायचं नाही. आजोबा उन्हात ॲक्टिव्हावर ताटकळले तर त्यांना आत बसवा, पाणी द्या, पण नियम मोडू नका. आईवडील वेगळे राहत असतील आणि ताब्याबद्दल न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची प्रत प्रमुखाकडे हवी, आणि फाटकावरच्या माणसाला फक्त ‘कोणाला द्यायचं’ एवढंच माहीत असावं.

ऑटो आणि व्हॅनने येणाऱ्या मुलांसाठी चालकाचं नाव, गाडीचा नंबर आणि त्या गाडीतल्या मुलांची यादी वेगळी ठेवा. निघताना मुलं नावाने मोजून बसवा आणि ऑटोवाल्या काकांनाही ‘पाच माझ्याकडे’ असं म्हणायला लावा. उशीर झालेल्या पालकांच्या मुलाबरोबर दोन मोठी माणसं थांबतील, एकटं कोणी नाही.

*पाणी आणि खाऊ.* उन्हाळ्यात अन्न लवकर आंबतं. सकाळी केलेलं दही, क्रीम, कापून ठेवलेली फळं नकोत. पोहे, मुरमुऱ्याचा चिवडा, केळी, पन्हं, ताजं ताक चांगलं. बर्फ बाहेरून आणू नका, तो कुठल्या पाण्याचा आहे ते कळत नाही. ॲलर्जीची यादी याच व्यक्तीच्या समोर भिंतीवर लावा, पण पालकांना आणि मुलांना दिसणार नाही अशा बाजूला.

कूलरही याच व्यक्तीकडे द्या, कारण कूलर म्हणजे पाणी आणि वीज एकत्र. लोखंडी कूलरला ओल्या हाताने शॉक लागण्याचा धोका असतो. मुलं यायच्या आधी, प्लग काढूनच पाणी भरायचं. अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कूलरपासून दोन हात अंतरावर जमिनीवर रंगीत पट्टी चिकटवा आणि ‘पट्टीपलीकडे मोठेच’ हा नियम करा. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून वाळवा, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

*मावशी.* लहान मुलं बाथरूमला जातात तेव्हा सोबत मावशी असतात, म्हणून मुलांच्या सुरक्षिततेत त्यांचा वाटा कुठल्याही शिक्षकापेक्षा कमी नाही. त्यांनाही प्रशिक्षणाला बसवा, कामपत्र वाचून दाखवा, त्यांचं मत विचारा. मुलं दोन-दोनच्या जोडीने जातील, मावशी बाहेरच्या दारात उभ्या राहतील, मूल स्वतः करू शकतं ते त्यालाच करू देतील. कपडे ओले झाले आणि मदत लागली तर दुसऱ्या ताईला सांगूनच.

चौथी पायरी: मुलाने काही सांगितलं तर

लैंगिक अत्याचारापासून मुलांचं संरक्षण करणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडला आहे किंवा घडण्याची शक्यता आहे हे ज्याला कळलं, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. यातून गटताई सुटत नाही, मावशी सुटत नाहीत, प्रमुख तर नाहीच. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर ती एक वर्षापर्यंत जाऊ शकते. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

कर्मचाऱ्यांना हे असं सांगा: मूल बोलत असेल तर ऐका, धक्का चेहऱ्यावर दाखवू नका, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. खोदून खोदून प्रश्न विचारू नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, वेळ टाका आणि लगेच प्रमुखाला गाठा. प्रमुखाने ‘आधी आपण आपापसात चौकशी करू’ म्हटलं, तर थेट ११२ किंवा १०९८ लावण्याचा अधिकार आणि कर्तव्य प्रत्येकाचं आहे. हे वाक्य कामपत्रात ठळक छापा. मुलाचं नाव कुठेही फुटता कामा नये, व्हॉट्सॲपवर तर नाहीच.

पाचवी पायरी: दोन दिवसांचं प्रशिक्षण, जागेवरच

प्रशिक्षण दुसऱ्या सभागृहात घेऊ नका. जिथे शिबिर होणार तिथेच घ्या. सगळे मिळून आवार फिरा: पाण्याची भूमिगत टाकी, तिचं झाकण, जुनी विहीर असेल तर तिची जाळी, गच्चीचं दार, मागचं छोटं फाटक, उघडी वायर. प्रत्येक धोक्यावर एकाचं नाव लिहा.

मग सराव करा. सर्वांत महत्त्वाचा सराव हरवलेल्या मुलाचा. मोजणीत एक कमी आलं की गटताई गट सोडत नाही, हात वर करून उपप्रमुखाला सांगते. फाटक त्या क्षणी बंद. सगळे गट जिथे आहेत तिथेच खाली बसतात. शोधाची वाटणी आधीच झालेली असते: एक जण थेट पाण्याकडे, म्हणजे टाकी, हौद, विहीर; दुसरा बाथरूममध्ये; तिसरा गच्ची आणि जिन्यावर; चौथा बाहेरच्या रस्त्यावर. पाणी सगळ्यांत आधी, कारण मूल रुसून पडद्यामागे बसलं असेल तर ते पाच मिनिटांनीही तिथेच असेल, पाण्यात मात्र पाच मिनिटं नसतात. पहिल्या फेरीत सापडलं नाही तर लगेच पालक आणि ११२, ‘अजून थोडं बघू’ नाही.

हाच सराव उष्माघाताचा करा, एका दादाला आडवं करून खरंच पाणी ओता. आगीचाही करा.

सहावी पायरी: एक सकाळ कशी चालते

सकाळी ६.३० ला सगळे कर्मचारी हजर. प्रमुख आजचा इशारा, आजचा उपप्रमुख, गैरहजर कोण आणि त्याच्या जागी कोण, हे पाच मिनिटांत सांगतो. कूलर भरून तपासलेले, माठ भरलेले. ७ ला फाटक उघडतं. मुलं फाटकावरून गटताईकडे हातबदलाने जातात. ७.१५ ते ८ मैदानी खेळ, गटाप्रमाणे वेगवेगळ्या कोपऱ्यात. ८ ला मोजून आत, हातपाय धुणं, पाणी. ८.१५ ला पहिला तास. ९.१५ ला खाऊ, तेव्हा गटताई मुलांबरोबर बसूनच खाते. ९.४५ ला दुसरा तास. १०.३० नंतर गोष्ट, गाणी, बैठे खेळ. इथे मुद्दाम नवा शिक्षक नको, गटताईनेच घ्यावं. ११ ला फाटक. शेवटचं मूल जाईपर्यंत कोणी कर्मचारी निघत नाही.

दिवसभराचं शिबिर चालवत असाल तर दुपारच्या झोपेसाठी आणि जेवणासाठी वेगळी, ताज्या दमाची माणसं लागतात. सकाळी साडेसहाला आलेली ताई दुपारी तीनला मुलं मोजू शकत नाही, आणि हे तिच्या कष्टांबद्दल आदर ठेवूनच म्हणते.

मुलं गेल्यावर पंधरा मिनिटांची बैठक. कोण गप्प होतं, कोण पडलं, कोणाचं भांडण झालं, कुठला हातबदल चुकला. सगळं वहीत, तारीख टाकून. किरकोळ खरचटलेलंही लिहा आणि पालकांना त्याच दिवशी स्वतःहून सांगा. मुलाच्या तोंडून आधी कळलं तर विश्वास उडतो.

सहलीचं थोडक्यात: रमण विज्ञान केंद्र किंवा अजब बंगला ठीक, कारण बराचसा वेळ छताखाली जातो. गोरेवाड्यासारख्या मोकळ्या जागा मेमध्ये मला योग्य वाटत नाहीत, आणि अंबाझरी-फुटाळ्याच्या काठावर लहान मुलांचे गट नेऊच नका. सहलीला माणसं वाढवा, निदान प्रत्येक गटाला एक जास्तीचं. बसमध्ये चढताना आणि उतरताना नावाने मोजणी, आणि उपप्रमुखाने सगळ्यांत शेवटी उतरून सीटखाली डोकावायचं.

शेवटचा दिवस

कार्यक्रमाच्या दिवशी आवारात पालक, आजी-आजोबा, पाहुणे असे कितीतरी अनोळखी चेहरे येतात. नेमक्या याच दिवशी फाटकाचा नियम सैल होतो. कार्ड पाहिल्याशिवाय मूल द्यायचं नाही, आणि रंगमंचामागे कपडे बदलण्याच्या खोलीत फक्त नेमलेल्या दोन ताई. उरलेली औषधं पालकांना परत करून सही घ्या, फोटो आणि फोनचे कागद फाडून टाका, अपघाताची आणि हजेरीची वही मात्र कुलपात जपून ठेवा. कर्मचाऱ्यांना, मावशींनाही, मानधन त्याच दुपारी द्या आणि प्रत्येकाला विचारा: पुढच्या वर्षी तुमच्या कामपत्रात काय बदलायचं? उत्तरं त्यांच्याच शब्दांत त्याच पानाच्या मागे लिहून घ्या आणि ती पानं पुढच्या फेब्रुवारीत, जाहिरात देण्याआधी उघडा.